हिरव्यावर पिवळं

शेकाट्या पक्ष्याच्या डाव्या पायातल्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकनं डॉ. केशव अंभईकरांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवते. पहिलं, राज्याच्या पक्षी संमेलनात वीस मिनिटं, तीही जेवणाआधीची. जेवणानंतरची वीस मिनिटं कुणीही देतं. दुसरं, परदेशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाचं 'डिअर डॉक्टर' असं सुरू होणारं पत्र. तिसरं, जालन्याच्या गटाची कायमची बोलती बंद. आणि चौथं, जे ते स्वतः कधी बोलले नाहीत पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं: बदकाची माफी.

बदकाचं असं झालं होतं. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांना एका तलावावर पांढराशुभ्र हंस दिसला. मराठवाड्यातली पहिली नोंद म्हणून त्यांनी ती पेपरात छापून आणली. चौथ्या दिवशी एका फार्महाऊसचा माळी आला, 'चल रे गुंड्या, घरी चल' म्हणाला आणि हंसाला काखोटीला मारून घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी जरा मोठा दावा केला की खाली कुणीतरी एक बदक टाकतं. शब्द नाही, काही नाही, नुसतं बदक. डॉक्टर गटाचे ॲडमिन. दोघा बदकवाल्यांना त्यांनी काढूनही टाकलं. त्या दोघांनी 'पाणवठा (ओरिजिनल)' नावाचा दुसरा गट काढला आणि त्याचं चित्र म्हणून काय ठेवलं असेल ते सांगायला नको.

आमचा तो साधा 'पाणवठा'. सभासद दोनशे चौदा. त्यांतले तीसेक जण खरोखर पक्षी बघायला जातात, शंभरेक जण फोटो बघतात आणि उरलेले गट सोडायचा विसरलेत. कुठला पक्षी, कुठे, कधी, कुणाला दिसला याची वही माझ्याकडे असते. बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दाखल करून घेतली; निवृत्त झाल्यावर पक्षी दाखल करून घेते. वहीचा नियम एकच: नोंद जगावेगळी असेल तर कापलेला, उजळवलेला फोटो चालणार नाही, कॅमेऱ्यातून जसा निघाला तसा मूळ फोटो हवा. बदकानंतर हा नियम खुद्द डॉक्टरांनीच मांडला आणि एकमतानं झाला. तो एकदाच मोडला गेला, आणि तो मी मोडला. का, ते पुढे येईल.

मार्चचा दुसरा रविवार होता. शहरात नळाला नवव्या दिवशी पाणी येत होतं. जायकवाडी उघडी पडत चालली होती आणि नेहमीचे पाणवठे आमच्या यादीतून एकेक करून गळत होते. दोन आटले. एकावर मुरूम पडून प्लॉट आखले गेले. एकाभोवती भिंत आली आणि 'लेक व्ह्यू' अशी कमान उभी राहिली. आतला लेक कोरडा. राहता राहिला करमाडच्या अलीकडे, जालना रस्ता सोडून तीन किलोमीटर आतला एक पाझर तलाव. त्यात अजून दोनेक एकर पाणी होतं. जिल्ह्यातल्या अर्ध्या पाखरांनी आणि आमच्या गटातल्या सगळ्या कॅमेऱ्यांनी तिथंच तळ दिला होता.

त्या सकाळी अमेयनं फोटो टाकला. अमेय शेंद्र्याला एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या लेन्सची हमाली करतो. फोटो शेकाट्याचा. काळी पाठ, पांढरं पोट आणि गुलाबी काड्यांसारखे लांब पाय. आमच्याकडे चिखल तिथे शेकाट्या. त्याच्या फोटोला गटावर कुणी अंगठासुद्धा खर्च करत नाही. पण फोटो सुरेख होता. मागे नुसता मऊ, तपकिरी धूसरपणा. अमेयच्या फोटोत मागे कधीच काही नसतं. पक्षी सोडून चौकटीत जे काही येतं त्याला तो 'घाण' म्हणतो.

खाली त्यानं विचारलं होतं, 'डाव्या पायात रिंग आहे का ही?'

मोठं करून पाहिलं. होतं खरं काहीतरी. वर पिवळं, त्याखाली हिरवं.

नवख्यांसाठी सांगते. पक्षी कुठून कुठे जातात हे शोधणारे लोक पक्षी धरतात, त्याच्या पायात रंगीत कडं घालतात आणि सोडून देतात. कुणी कुठले रंग वापरायचे ते ठरलेलं असतं. असं कडं आपल्याला दिसलं की पत्र लिहायचं. मग उत्तर येतं की हा पक्षी अमक्या देशात, अमक्या सरोवरावर धरला होता. पक्षी बघणाऱ्याच्या आयुष्यात हा योग फार तर एकदा येतो. आमच्या गटात कुणाच्याच आला नव्हता. जालन्याच्या गटात आला होता, आणि ते दर दिवाळीला शुभेच्छांबरोबर तो फोटो पाठवायचे.

सात बेचाळीसला डॉक्टरांनी लिहिलं, 'कोणीही लोकेशन टाकू नये.'

सात चव्वेचाळीसपर्यंत चौघांनी नकाशा टाकला होता.

'मंगोलिया.'

'मंगोलिया नाही, रशिया. हिरवा-पिवळा म्हणजे रशियाच.'

'हेरगिरीची भानगड तर नसेल? पूर्वी कबुतरं धरली होती तशी.'

'शेकाट्या काय बातमी नेणार? चिखल किती शिल्लक आहे ती?'

मग एक बदक. डॉक्टर पहिल्यांदाच त्यावर काही बोलले नाहीत. मोठी माणसं मोठ्या दिवशी क्षमाशील होतात.

पुढच्या रविवारी डॉक्टर, अमेय आणि मी तिघं तलावावर गेलो. पाण्यावर मेंढरं होती, एक्केचाळीस. मोजायची मला खोड आहे. गुडघ्याएवढ्या गाळात उतरून ती पाणी पीत होती, आणि काठावर पुतळाबाई बसल्या होत्या. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. एक कोकरू मांडीवर, दोन पायाशी. नवरा कारभारी शेंद्र्याकडे बांधकामावर मजुरीला जात होता आणि मेंढरं एकट्या पुतळाबाईंवर होती.

"ताई, आवंदा येवढंच पाणी ऱ्हायलंय," त्या मला म्हणाल्या. "तीन वाड्यांची मेंढरं हितंच येत्यात. हे आटलं का मग चार किलोमीटर, सडकेपल्याडच्या हिरीवर. ह्या लेकरांनी कसं चालावं तेवढं?" आणि मांडीवरच्या कोकराचे पाय चाचपून दाखवले.

डॉक्टर दुर्बिणीला चिकटले होते. तिकडूनच त्यांनी विचारलं, "मावशी, इथं कधी परदेशी माणसं आली होती का? गोरी?"

"नाय बा. लाल टोपीचा एक आलता. प्लॉटं मोजाया."

तेवढ्यात गाळाच्या टोकाला तो शेकाट्या दिसला. इतरांपेक्षा जरा लंगडत, एका पायावर जपून भार देत.

"त्यो व्हय?" पुतळाबाई उठल्या. "साहेब, त्याच्या पायाचं म्या काय म्हणते..."

"शूऽऽ!" डॉक्टरांनी ओठावर बोट ठेवलं. "मावशी, बोलू नका, पक्षी उडेल. आणि जरा मेंढ्या मागे घ्या बघू. आंतरराष्ट्रीय पाहुणा आहे तो."

पुतळाबाईंनी एकदा पाहुण्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. मग मेंढरं मागे घेतली. अमेयनं साठ फोटो काढले. त्या वाक्याचा पुढचा भाग कुणी ऐकला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर दोन हातांवर उभी होते.

आता माझा हिशोब. त्या आठवड्यात माझी उजवीकडची दाढ डॉक्टरांकडे होती. रूट कॅनॉलच्या दोन बैठका झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. तिसऱ्या बैठकीला, तोंडात नळी आणि गालावर कापूस असताना, मी त्यांना म्हटलं, "ऊळ ओटो आवा." मूळ फोटो हवा.

"हो हो, मिळेल," ते म्हणाले. "अमेयकडे आहे. तुम्ही नोंद तर करून ठेवा, भानुमतीबाई. परदेशात नोंद क्रमांक कळवावा लागतो."

अर्धी दाढ उघडी असताना दंतवैद्याशी नियमांवरून वाद घालायचा नसतो. घरी आले आणि लिहिलं. नोंद क्रमांक ४१२. शेकाट्या, डावा पाय, हिरव्यावर पिवळं. तेही पेन्सिलनं नाही, शाईनं.

चार देशांना पत्रं गेली. एकीकडून उत्तर आलं: हे रंग आमचे नाहीत. दुसरीकडून आलं: रंग आमचे आहेत, पण आम्ही अक्षरांशिवाय कडं घालत नाही, अक्षरं दिसली का? अमेयनं साठच्या साठ फोटो मोठे करून पाहिले. एकात त्याला 'के' दिसला. गटातल्या दुसऱ्याला तोच 'एक्स' दिसला. माझ्या मते तो चिखल होता. तिसऱ्या देशानं विचारलं, शेकाट्याला गुडघ्यावर कडं कोण घालतं? चौथ्यानं एकच शब्द पाठवला: 'इंटरेस्टिंग.' डॉक्टरांनी त्या शब्दाची चौकट करून गटावर लावली, आणि दोनशे चौदांपैकी एकशे साठ जणांनी त्यांचं अभिनंदन केलं. कशाबद्दल, हे मला विचारू नका. मीही केलं.

गोंधळ असा होता की जितकी माहिती येई तितका पक्षी लांबचा होत जाई. महिनाअखेरीस तो सायबेरियाच्या पलीकडे गेला होता. आणि मधल्या वेळात आमच्या तलावावर तो रोज लंगडत होता.

गाड्या वाढल्या. पुण्याहून आले, नाशिकहून आले. 'मेंढ्यांमुळे पक्षी विचलित होतात' असा एक संदेश फिरला, तो डॉक्टरांनी नीट मराठीत लिहून सरपंच सर्जेरावांना दिला. सर्जेरावांचा मेहुणा तलावालगतच्या प्लॉटांचा धंदा बघतो. त्यांनी असं मन लावून निवेदन वाचलेलं गावानं प्रथमच पाहिलं. ठराव झाला, आणि एक एप्रिलला बोर्ड लागला:

'आंतरराष्ट्रीय पाहुण्या पक्ष्यांचा अधिवास. जनावरांस सक्त मनाई.'

शेजारी खुर्ची टाकून एक राखणदार बसवला. गटावर टाळ्याच टाळ्या. मी विचारलं, 'मेंढरांच्या पाण्याचं काय?' डॉक्टरांनी लिहिलं, 'पर्यायी व्यवस्था होईल.' कोण करील ते लिहिलं नाही. मीही पुढे विचारलं नाही. दाढेवर टोपी बसायची बाकी होती.

एप्रिलच्या मध्याला एका सभासदानं तेरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. लुगडं वर खोचलेली एक बाई, हातात कोंबड्या झाकायचं डालगं, वाकून वाकून त्या शेकाट्याच्या मागे चिखलातून चाललेली. राखणदार ओरडतो, ती मागे फिरते. खाली लिहिलं होतं, 'आपल्या रिंगवाल्या पाहुण्याची शिकार करताना महिला!!!' लाल तोंडांची रांग लागली. कुणी म्हणालं पोलिसात द्या, कुणी म्हणालं रिंग विकायची असेल. मी बाई ओळखली. ती बाई पाखराच्या मागे का लागली असेल, हे मात्र कळेना. चाळीस मेंढरांची मालकीण मूठभर हाडांच्या पक्ष्यासाठी चिखलात उतरणार नाही.

चोवीस एप्रिलला दाढेवर टोपी बसली. डॉक्टरांनी चावून दाखवायला सांगितलं, मी चावून दाखवलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता अमेयला फोन केला.

"मूळ फोटो घेऊन ये. आत्ता."

"ताई, मूळ बघण्यासारखा नाहीय हो. सगळी घाण आलीय मागे."

"घाणच बघायचीय मला."

तो लॅपटॉप घेऊन आला. फोटो उघडला. मधोमध, अंगठ्याएवढा शेकाट्या. मागे काठावर, कोरड्या जमिनीवर, सात मेंढरं. पहिल्या मेंढीच्या डाव्या मागच्या पायात पिवळं, त्याखाली हिरवं. दुसरीच्या पायातही. सातही मेंढरांच्या. त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा ती गुडघाभर गाळात होती; फोटोत ती बाहेर होती, आणि अमेयनं ती कापून टाकली होती.

अमेयनं मेंढीचा पाय मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, यांनापण रशियानंच रिंग केलंय का?"

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. डॉक्टर गाडीत सबंध वेळ म्हणत होते, "योगायोग असू शकतो. रंगांचे योगायोग होतात." पुतळाबाई रस्त्यातच भेटल्या, विहिरीवरून मेंढरं घेऊन परतताना. ऊन डोक्यावर होतं. मांडीवर पाहिलेलं ते कोकरू आता खांद्यावर होतं. पायाशी होती ती दोन दिसली नाहीत.

"पुतळाबाई, त्या पाखराच्या पायातलं ते काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हंजी? आमची खूण हाय ती."

"कुणाची?" डॉक्टर म्हणाले.

"आमची, साहेब. दुष्काळात तीन वाड्यांची मेंढरं येका पाण्यावं. कुनाची कोंची, कळाया नको? प्लॉटवाल्यांनी वायरी टाकून देल्त्या, त्येचं साल काढून समद्यांच्या पायात घातलं. हिरव्यावर पिवळं म्हंजी आमचं. कडूबाचं लाल. आवडाबाईचं नुसतं काळं."

"आणि पाखराला?"

"त्यो जाळ्याच्या दोऱ्यात गुतला व्हता. पाय मोडलेला. दोन रोज डालग्याखाली ठिवला, काडी बांधली, वरून तेच साल चढवलं. आपल्या हातचा जीव, मग आपलीच खूण." त्यांनी मागं राहिलेल्या मेंढीला हाक घातली. "पंधरा रोजानं काढाया पायजे व्हतं. नायतर करकचतं. चारदा गेले. तुमच्या मानसानं हाकललं. कडूबाची सून सांगती, मोबाईलात मला चोर म्हणूनशान दावलं."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "मावशी, तुम्ही मग आधी का नाही सांगितलं?"

"सांगत व्हते की. तुमीच म्हणलात, बोलू नका, पाखरू उडंल." पुतळाबाई कोकरू दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, "नाय बोलले."

अमेय मेंढरांच्या पायांकडे बघत होता. इतक्या जवळून तो बहुधा प्रथमच बघत होता. आम्ही पुतळाबाईंना गाडीत बसवलं, वाटेत त्यांच्या घरून डालगं घेतलं आणि तलावावर गेलो. मेंढरं अमेयनं सांभाळली, म्हणजे मेंढरांनी त्याला सांभाळलं. राखणदार उठला, डॉक्टरांना पाहून बसला.

पुतळाबाई डालगं घेऊन चिखलात उतरल्या. शेकाट्या फार पळू शकला नाही. धरून काठावर आणला तेव्हा कळलं की काढायला उशीर झालाय. कड्याच्या खालचा पाय वाळून काटकी झाला होता. त्यांनी दातानं साल तोडलं, तशी ती काटकी सालाबरोबर हातात आली. पाखरू सोडलं. ते एका पायावर उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं.

डॉक्टरांनी ते साल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. आतल्या बाजूला तांब्याचा एक बारीक तंतू अजून होता. मग त्यांनी मला जे विचारलं ते मी शपथेवर सांगते.

"भानुमतीबाई, ही स्थानिक पातळीवरच्या रिंगिंगची पहिली नोंद म्हणून धरता येईल का?"

संध्याकाळी आम्ही सर्जेरावांकडे गेलो. पाहुणा पाहुणा नव्हता, घरचाच होता, तेव्हा बोर्ड काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे त्यांनी सरळ सांगितलं, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

सर्जेराव हसले. "डॉक्टरसाहेब, बोर्ड ठरावानं लागला, ठरावानंच निघंल. एक मेच्या ग्रामसभेत घेऊ."

"तोवर राखणदार तरी उठवा," मी म्हटलं.

"त्यो तुमच्या पाखरांसाठीच हाय की, ताई. आता एका पायाचं पाखरू म्हंजी तर आजून जास्त जपाया पायजे."

एक मेच्या ग्रामसभेला पुरेशी माणसं जमली नाहीत. डॉक्टर दोनदा गेले, मी तीनदा. वीस मेला तलावाचा तळ भेगाळला, आणि बोर्ड काढायचं कारणच उरलं नाही, म्हणून तो तिथंच आहे.

गटावर डॉक्टरांनी चार ओळींचा खुलासा टाकला. खाली बदकं येणार म्हणून आम्ही वाट पाहिली. एकही आलं नाही. बाईला चोर म्हणणारा व्हिडिओ मात्र 'ओरिजिनल'वर अजून आहे. तिथं आमचा खुलासा गेलाच नाही.

आता वही मिटायची तर बेरीज करायला हवी.

अमेयला त्या फोटोवर बाहेर कुठे कुठे मिळून एकवीसशे अंगठे मिळाले. तो फोटो त्यानं हटवला नाही, पण मेंढरांसकटचा मूळही शेजारी लावला, त्याला अकरा. डॉक्टरांना संमेलनात वीस मिनिटं मिळाली, जेवणानंतरची, विषय 'पक्षी आणि लोकसहभाग'. सर्जेरावांच्या मेहुण्याच्या पत्रकावर 'पक्षीतीर्थाला लागून' असं छापून आलं. माझी दाढ उत्तम आहे, त्या बाजूनं मी शेंगदाणेही खाते. जायचं ते शेकाट्याचं गेलं, गुडघ्याखालचं सगळं. जूनअखेर पाऊस पडल्यावर तो एकदा दिसला, नंतर नाही.

आणि पुतळाबाई. एक एप्रिल ते वीस मे, पन्नास दिवस. वीस मेनंतर त्यांना विहिरीवर जावंच लागलं असतं. ते दिवस दुष्काळाच्या नावावर. हे पन्नास आमच्या. रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर, म्हणजे चारशे.

नोंद ४१२ मी खोडली. किंमत कुणी भरली, असा रकाना आमच्या वहीत नाही. म्हणून समासात लिहिलं: पुतळाबाई. चारशे किलोमीटर. कोकरं दोन.